आमच्या क्लबचा इतिहास लिहायचाय, पण स्कोअरबुकातला 'माळी' कोण?

तिसरी स्लिप

नमस्कार मंडळी. आझाद मैदानावर आमचा एक छोटा क्रिकेट क्लब आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण कमिटीतले दोघं इथे वाचतात आणि मला अजून एकदोन सीझन खेळायचंय. कांगा लीगमध्ये (मुंबईच्या पावसाळी क्लब स्पर्धेत) वर चढलो की पुढच्या वर्षी खाली येणारा, असा हा क्लब. आता स्मरणिका काढायचं ठरलंय आणि "तू बरं लिहितोस" म्हणून ते लोढणं माझ्या गळ्यात पडलंय.

मागच्या रविवारी टेंटमधली पत्र्याची पेटी उघडली. वर कुजलेली मॅट, खाली एका पायाचं पॅड (दुसरं कुठे गेलं देव जाणे), आणि तळाशी स्कोअरबुकांचा गठ्ठा, वर्गणीच्या दोन वह्या आणि जमाखर्चाची एक. काही पानं वाळवीने खाल्लीत, काही पावसाने चिकटलीत. चिकटलेली पानं ओढून काढायचा मोह आवरलाय.

कमिटीला काय हवंय ते ठाऊक आहे: कोण रणजी कँपपर्यंत गेला, कोणी कुठल्या टेस्ट प्लेअरचा दांडा उडवला, आणि मागे जाहिराती. मला ते लिहायला हरकत नाही, पण एका पानावर अडकलोय. अकराव्या नंबरला नुसतं 'माळी' लिहिलंय. माळी, नाबाद ४. आधीच्या किंवा नंतरच्या एकाही सामन्यात हा माणूस नाही. हे आडनाव, की आपला पिच बघणारा माळी? तारखेच्या जागी पाणी पडलंय. कोणाला असा अनुभव आहे का? आणि एकूणच, अशा क्लबचा इतिहास लिहायचा तर सुरुवात कुठून करतात?

स्कोअररकाका

तीस वर्षं मैदानांवर स्कोअरिंग केलंय, म्हणून दोन शब्द.

पहिलं म्हणजे स्कोअरबुकावर फार विसंबू नका. त्यात सुटलेला कॅच दिसत नाही. शून्यावर जीवदान मिळालेला माणूस पुढे शंभर करतो आणि पन्नास वर्षांनी तुम्ही 'शैलीदार शतक' लिहून मोकळे होता. स्लिपमध्ये कॅच सोडणारा कोण होता हे कोणीच लिहीत नाही. (तुमच्या आयडीवरून बोललो नाही हं.)

दुसरं, आडनावं. आमच्या एका टीममध्ये चार पाटील होते. घाईत स्कोअरर नुसतं 'पाटील' लिहायचा आणि बेरीज जुळली की झालं. तेव्हा फलंदाजीचं पान एकटं वाचू नका, समोरचं बॉलिंगचं पान बघा, आणि शक्य असेल तर त्याच सामन्याचं प्रतिस्पर्ध्यांचं बुक मिळवा. दोन्ही स्कोअरर शेजारी बसून लिहितात, पण एक आळशी असला तर दुसरा नसतो.

तिसरं, तुमचा माळी. लीगचा सामना असेल तर नोंदणी नसलेला माणूस खेळवता येत नाही, समोरच्याने तक्रार केली की गुण जातात. म्हणून तो सामना फ्रेंडली असणार. पानाच्या वर अंपायरांची नावं आहेत का? नसतील तर फ्रेंडलीच समजा.

तिसरी स्लिप

काका, आत्ता बघितलं. अंपायरचा रकाना कोरा आहे. आणि स्लिपबद्दल बोललात ते लागलं.

एस्प्लनेड

सुरुवात कुठून करायची विचारताय तर माझं मत सांगतो. मुंबईतल्या क्लबचा इतिहास खेळाडूंपासून नाही, जमिनीपासून सुरू करा. प्लॉट कसा मिळाला, कोणाच्या शेजारी मिळाला, आणि तो टिकवायला काय काय करावं लागलं.

थोडं मागे जातो. पारशी मुलांनी १८४८ साली ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला, दोन वर्षांनी झोरोस्ट्रियन क्लब आला. हिंदूंचा बॉम्बे युनियन क्लब १८६६ चा, आणि त्यात पुढाकार प्रभू मंडळींचा. हे सगळे खेळायचे एस्प्लनेडच्या मोकळ्या मैदानावर. आजची आझाद, क्रॉस, ओव्हल आणि कूपरेज ही त्याच एका मैदानाची तुकडे पडलेली लेकरं. १८७५ मध्ये युरोपियनांचा बॉम्बे जिमखाना झाला. त्यांना क्रिकेटसाठी कुंपण घातलेली हिरवळ होती. पोलो मात्र ते खेळायचे कुंपणाबाहेर, जिथे आपली पोरं खेळायची तिथे. घोड्यांच्या टापांनी उखडलेल्या जमिनीवर चेंडू कुठे उडेल याचा नेम नाही. १८८१ मध्ये शेकडो देशी क्रिकेटपटूंनी सह्या करून सरकारकडे अर्ज केला. निकाल एकदा बाजूने लागला, मग फिरवला गेला. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थांनी हा सगळा लढा पुढे १८९७ मध्ये पुस्तकरूपाने छापला. म्हणजे मुंबईच्या क्लब क्रिकेटचा सुरुवातीचा इतिहास ज्याने लिहिला, त्याने अर्धं पुस्तक मैदानाच्या भांडणाला दिलंय. यातच काय ते आलं.

शेवटी तोडगा निघाला तो समुद्र हटवून. मरीन लाइन्सला भराव घातलेल्या जमिनीवर आधी पारशी जिमखान्याला जागा मिळाली, १८९० च्या दशकात इस्लाम जिमखाना आणि हिंदू जिमखान्याला. आजही चर्चगेटकडे जाताना गाडीच्या उजव्या खिडकीतून ते ओळीने दिसतात. धर्मावार वाटणी जमिनीतच झाली, मग धर्मावार संघांच्या तिरंगी, चौरंगी, पंचरंगी क्रिकेट स्पर्धा तशाच होणार. त्या १९४६ मध्ये बंद पडल्या, पण जमिनीची ओळ तशीच आहे.

आणि गंमत म्हणजे, घोड्यांच्या टापांतून उठलेल्या त्या पारशांनी १८८६ साली इंग्लंडचा दौरा केला. २८ सामने, १ विजय, १९ पराभव. दोन वर्षांनी पुन्हा गेले तेव्हा ३१ पैकी ८ जिंकले आणि डॉ. मेहेल्लाशा पावरींनी १७० बळी घेतले. १८९० मध्ये त्यांनी व्हर्ननच्या इंग्लिश संघाला हरवलं, तेही बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर.

पार्कातला

छान माहिती, पण तीर्थयात्रा फोर्टातच संपते का? 😀 खरं क्लब क्रिकेट बघायचं तर दादर-माटुंगा. एका बाजूला दादर युनियन, दुसरीकडे शिवाजी पार्क जिमखाना. दादर युनियनमध्ये माधव मंत्री, नरेन ताम्हाणे, वासू परांजपे, मग गावसकर, वेंगसरकर. पार्कात विजय मांजरेकर, रमाकांत देसाई, अजित वाडेकर, पद्माकर शिवलकर. आमचे वडील सांगायचे, या दोघांची मॅच असली की लोक रणजीच्या मॅचसारखे जमायचे. तिकीट नाही, खुर्ची नाही. कडेला उभं राहायचं आणि प्रत्येक चेंडूवर मत द्यायचं.

मुंबईने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वेळा रणजी जिंकली, तिचं मूळ इथे आहे. रविवारी क्लबमध्ये ज्याच्याकडून शिव्या खाल्ल्या, शुक्रवारी रणजीत त्याच्याच शेजारी स्लिपमध्ये उभं राहायचं. बाहेरचे आपल्याला 'खडूस' म्हणतात. ते खडूसपण ब्रेबर्न स्टेडियमवर शिकवलेलं नाही, इथे मिळालंय.

लेगबाय

मान्य. पण पार्कातला, कडेला उभे राहणारे ते 'लोक' म्हणजे पुरुष लोक, हेही लिहा ना कधीतरी.

मी ऐंशीच्या दशकात मुंबईत क्लब क्रिकेट खेळले. महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा पुण्यात झाली, १९७३ मध्ये. संघ किती? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. म्हणजे एक सामना जिंकला की फायनल. आम्ही हसायचो, पण तिथूनच सगळं उभं राहिलं. सरावाला मैदान मिळायचं ते मुलांचं नेट संपल्यावर, भर दुपारी. एका क्लबने (नाव नको) आम्हाला प्लॉट वापरू दिला, पण टेंटमध्ये यायचं नाही या अटीवर. कपडे बदलायला जवळच्या एका ऑफिसात ओळखीच्या बाईंकडे जायचो. त्या बाईंनी आयुष्यात बॅट धरली नसेल, पण मुंबईच्या महिला क्रिकेटचा इतिहास कोणी लिहिला तर त्यांचं पान पाहिजे.

तिसरी स्लिप, तुमच्या वर्गणीच्या वहीत एक तरी बाईचं नाव आहे का ते बघा. नसेल तर 'नाही' असंच स्मरणिकेत लिहा. तोही इतिहासच.

ओली विकेट

धागा कांगा लीगशिवाय चाललाय हे बघून आश्चर्य वाटलं.

१९४८ पासून ही लीग पावसाळ्यात खेळली जाते. जगात लोक पाऊस आला की क्रिकेट बंद करतात, आपण पाऊस आला की सुरू केलं. पिच झाकलेलं नाही, आउटफिल्डवर गवत घोट्याच्या वर. जमिनीवरून मारलेला ड्राइव्ह वीस पावलांत रुततो, म्हणून फलंदाज हवेतून मारायला शिकला. ओल्या पिचवर चेंडू एकदा थांबून येतो, एकदा छातीवर उडतो. अशा पिचवर वीस धावा काढणारा कोरड्या पिचवर सहज साठ काढतो, हा आमच्या कोचचा हिशेब. साहेबांनी स्वतः मात्र ओल्यावर कधी वीस काढले नाहीत. 😀

सचिन अकराव्या वर्षी कांगा लीग खेळला, जॉन ब्राइट क्लबकडून. आमच्या सामन्यातही असंच एकदा एक पोरगं आलं होतं, पॅड कमरेपर्यंत. आम्ही हसलो. त्याने पन्नास मिनिटं हसू दिलं नाही. पुढे त्याचं काही झालं नाही, बँकेत आहे. क्रिकेटमध्ये बहुतेकांचं असंच असतं आणि क्लबचा इतिहास हा मुख्यतः अशाच लोकांचा असतो. तुमच्या कमिटीला हे पटणार नाही.

अवांतर: आझाद मैदानावर २२ पिचेस आहेत, त्यामुळे आमचा मिडविकेट हा शेजारच्या सामन्याचा पॉइंट असतो. दुसऱ्या सामन्यातला कॅच अर्ध्यावर पळत जाऊन घेतलेला माणूस मी पाहिलाय. त्याला आपल्या कॅप्टनने झापलं, आणि समोरच्यांनी टाळ्या वाजवल्या.

एस्प्लनेड

कांगांवरून आठवलं. ज्यांच्या नावाने लीग आहे ते डॉ. होरमसजी कांगा १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावरच्या भारतीय संघात होते. त्याच संघात पळवणकर बाळू होते. आणि 'माळी' या तुमच्या प्रश्नाचा धागा खरं तर तिथे जातो.

बाळूंची सुरुवात पुण्यात. एका पारशी क्लबमध्ये पिचवर रोलर फिरवणं, झाडणं, नेट लावणं, पगार महिना ३ रुपये. मग युरोपियनांच्या क्लबमध्ये तेच काम, ४ रुपये. तिथे नेटमध्ये साहेबांना बॉलिंग टाकायला मिळाली. कॅप्टन ग्रेग म्हणून मोठा फलंदाज होता, तो बाळूंनी आउट केलं की दर वेळी आठ आणे द्यायचा असं सांगतात. तासन्‌तास बॉलिंग टाकली, पण बॅट कधी हातात दिली नाही. बॅटिंग हे साहेबांचं काम.

पुढे पुण्याच्या हिंदू मंडळींना युरोपियनांना हरवायचं होतं, म्हणून त्यांनी या चर्मकार मुलाला संघात घेतलं. मैदानात सगळ्यांनी एकच चेंडू हाताळायचा. चहाच्या वेळी मात्र बाळूंनी बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. प्लेगनंतर ते मुंबईला आले, रेल्वेत नोकरी, हिंदू जिमखान्याकडून क्रिकेट. १९११ च्या त्या दौऱ्यात संघ साफ आपटला आणि बाळूंनी ११४ बळी घेतले. तरी चौरंगीत हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. विठ्ठल पळवणकरांचं मराठी आत्मचरित्र आहे, 'माझे क्रीडा-जीवन', जमलं तर मिळवून वाचा.

आता तुमचं पान. रोलर फिरवणाऱ्याला एक दिवस बॅट मिळाली आणि तो नाबाद राहिला. माझ्यासाठी तुमच्या स्मरणिकेचं पहिलं पान हेच.

पार्कातला

एस्प्लनेड, लेखन आवडलं, पण जरा घाई होतेय. माळी हे आडनाव आहे हो! आमच्याच वर्गात तीन माळी होते. एखादा पाहुणा कोणाचा तरी मामेभाऊ असेल, टीम कमी पडली म्हणून उभा केला. लगेच बाळू पळवणकर कशाला?

स्कोअररकाका

पार्कातला यांच्याशी सहमत, पुरावा पाहिजे. तिसरी स्लिप, तीन गोष्टी बघा. जमाखर्चात माळ्याचा पगार कसा लिहिलाय, नावाने की 'माळी' म्हणून? वर्गणीच्या वहीत कोणी माळी आडनावाचा सभासद आहे का? आणि त्या पानावर बाकी दहाजणांच्या नावांपुढे आद्याक्षरं आहेत का? असतील आणि फक्त माळीला नसेल तर काय ते समजून जा.

तिसरी स्लिप

दोन संध्याकाळी वह्या घेऊन बसलो होतो. उशिराबद्दल माफी.

वर्गणीच्या दोन्ही वह्यांत माळी आडनावाचा सभासद नाही. (लेगबाय, बाईचं नावही नाही. एका पानावर 'सौ.' दिसलं म्हणून उडालो, तर ते 'सौ. कडून पोहे' होतं. खर्चाच्या रकान्यात नव्हे, आभारात.) त्या पानावरच्या दहाही जणांना आद्याक्षरं आहेत. माळीला नाही.

आणि जमाखर्चाची वही... मी ती शेवटी उघडणार होतो, कंटाळवाणी असेल म्हणून. आता वाटतं, खरं पुस्तक तेच आहे. दर महिन्याला पहिली ओळ: 'माळी – पगार'. मग चुना, रोलरला ग्रीस, मॅटचे खिळे, सीझन बॉल. जून-जुलैत बॉलचा खर्च दुप्पट, कारण ओला बॉल फुगून टरबूज होतो. एका वर्षी तीन महिने वर्गणी जवळपास जमलेलीच नाही. तारखा बघितल्या तर १९८२, गिरणी संपाचं वर्ष. आमच्यात लालबाग-परळची पोरं बरीच होती. त्या तीन महिन्यांत बॉलची खरेदी नाही, चहा नाही, पण 'माळी – पगार' ही ओळ आहे. पैसे कुठून आणले ते लिहिलेलं नाही. सेक्रेटरीच्या अक्षरात एवढंच: 'हातउसने, स्वतःचे'.

हे वाचून थोडा वेळ काहीच लिहावंसं वाटलं नाही.

तर नाव नाही. पगाराच्या एवढ्या ओळींत एकदाही नाव नाही.

ओली विकेट

+१. ऑफिस क्रिकेटबद्दलही लिहा. टाटा, एसीसी, निरलॉन, मफतलाल, स्टेट बँक. खेळता म्हणून नोकरी मिळायची. गावसकर निरलॉनमध्ये, वाडेकर स्टेट बँकेत. नोकरी होती म्हणून पोरगा शहरात राहायचा आणि रविवारी क्लबला यायचा. त्या भरत्या आटल्या, घरं डोंबिवली-विरारला गेली. आता रविवारी पहाटेच्या लोकलमध्ये किट बॅग घेऊन चढणाऱ्याला डब्यातले लोक काय काय बोलतात ते वेगळ्या धाग्याचा विषय.

लेगबाय

'सौ. कडून पोहे' स्मरणिकेत गेलंच पाहिजे. दुसऱ्या पानावर. पहिलं माळ्याचं.

आणि तिसरी स्लिप, एवढं शोधताय तर साधी गोष्ट करा. मैदानावर माळीकाम बापाकडून मुलाकडे जातं. तुमच्या आत्ताच्या माळ्याला किंवा शेजारच्या प्लॉटवरच्याला विचारलंत का?

तिसरी स्लिप

नाही विचारलं. लाज वाटतेय कबूल करायला. आठ वर्षं शेजारच्या प्लॉटवरच्यांकडून चहा पितोय.

तिसरी स्लिप

आज गेलो होतो.

आमचा आत्ताचा माळी नवा आहे, पण दोन प्लॉट पलीकडे जे पिच बघतात त्यांचे वडील आमच्याकडे होते. मला हे आजवर माहीत नव्हतं. सामना त्यांना माहीत होता. वडील घरी सांगायचे म्हणे. एक जण गाडी चुकल्यामुळे आलाच नाही, कॅप्टन म्हणाला, तुम्हीच या. पॅड दुसऱ्याचे, बूट नव्हते, अनवाणी खेळले. चार धावा एकाच फटक्यात, स्क्वेअर लेगला. "पिच त्यांनीच केलेलं ना," मुलगा म्हणाला, "कुठे उडतं ते त्यांना माहीत."

वडील डावखुरे होते, हेही कळलं. स्कोअररकाका, बुकात ते लिहायला रकाना नाही.

नाव विचारलं. सांगितलं. छापू का म्हटलं, तर म्हणाले, "आईला विचारून सांगतो. तिला आवडेल, पण विचारतो." पुढच्या रविवारी आमची मॅच आहे, तेव्हा कळवतील. पाऊस नसला तर.

स्कोअररकाका

पाऊस असला तरी जा.